मुशर्रफ दोषी आहेच, पण ‘एकटा’ कुठनं आणला?

कारगिल दिन जवळ आला की पार्क चौकातल्या कट्ट्यापासनं सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरायलाय. पाकिस्तानचा लष्करप्रमुख मुशर्रफनं एकट्यानं युद्ध लावलं, त्यांचा पंतप्रधान नवाज शरीफला पत्ताच नव्हता, लाहोरच्या बसमुळं त्याचं डोकं फिरलं अन् वर चढलेले सगळे मुजाहिदीन (सैनिक नव्हे, जिहादी लढवय्ये) होते. अण्णा, तुम्ही पण टाकलाय म्हणून लिहायलोय, राग मानू नका.

बसचं लगेच निपटतंय. वाजपेयी बसनं वाघा ओलांडून गेले 20 फेब्रुवारी 1999 ला, मैत्रीच्या लाहोर जाहीरनाम्यावर सह्या 21 ला. पण पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची माणसं त्याच हिवाळ्यात ताबारेषा ओलांडून आपल्या रिकाम्या चौक्यांकडं सरकायला लागली होती, म्हणजे लाहोरात गळाभेट अन् डोंगरात हे उद्योग. हे रागाच्या भरातलं काम नाही ओ, थंड डोक्यानं केलंय.

आता ‘एकटा’. मुशर्रफ लष्करप्रमुख झाला ऑक्टोबर 1998 मध्ये आणि त्यानं हिरवा कंदील दाखवल्याशिवाय हे होणं शक्यच नव्हतं, तेवढं पाप त्याचंच. पण सोबत तिघं होते: चीफ ऑफ जनरल स्टाफ मोहम्मद अझीझ, रावळपिंडीच्या दहाव्या कोअरचा महमूद अहमद आणि गिलगिट-स्कर्दूकडची फौज सांभाळणारा जावेद हसन. स्वतःच्याच हवाईदल-नौदलाच्या प्रमुखांना पण त्यांनी अंधारात ठेवलं. मे महिन्यात मुशर्रफ बीजिंगला गेला होता आणि रावळपिंडीतनं अझीझ त्याला फोनवर मीटिंगमध्ये काय झालं, मियाँसाहेब (म्हणजे शरीफ) काय म्हणाले याची खबर देत होता, ते कॉल आपल्या लोकांनी पकडले आणि सरकारनं 11 जूनला जगासमोर ठेवले. एकट्याचा कारभार असता तर असा रिपोर्ट कोण कुणाला देतंय?

शरीफचं जरा अवघड आहे. ते म्हणतात मला वाजपेयींकडनं कळलं, मुशर्रफ शेवटपर्यंत म्हणत राहिला की जानेवारीत स्कर्दूला ब्रीफिंग दिलं होतं. चला, शरीफचंच खरं धरू. पण मग मे मध्ये कळल्यावर काय केलं? 26 मेला आपले हवाई हल्ले सुरू झाले, 12 जूनला त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला येऊन गेले, तरी माघार कबूल केली 4 जुलैला, क्लिंटनपुढं बसल्यावर. सुरू त्यानं केलं नसेल, पण चालू तर राहू दिलं ना.

आणि मुजाहिदीन? टायगर हिलवर पडलेला कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्याचं नावच, हुद्दा कॅप्टनचा) असा लढला की आपल्याच ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या शौर्याची चिठ्ठी लिहून मृतदेहाच्या खिशात ठेवली आणि पाकिस्ताननं नंतर त्याला निशान-ए-हैदर, म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, दिलं. मुजाहिदला देतात का हे? बाकी कित्येकांचे मृतदेह त्यांनी घेतलेच नाहीत, आपल्या जवानांनी दफन केले. 2010 मध्ये त्यांच्या लष्कराच्या वेबसाइटवरच 453 जणांची नावं आली.

आणि त्या तिघांचं पुढं काय झालं ते पण मेसेजमध्ये घाला. 12 ऑक्टोबर 1999 ला मुशर्रफनं शरीफलाच उलथवलं, मग महमूद आयएसआय या गुप्तहेर संस्थेचा प्रमुख झाला, अझीझला 2001 मध्ये चौथा स्टार मिळाला, म्हणजे तो पूर्ण जनरल झाला, आणि जावेद हसन पण लेफ्टनंट जनरल झाला.