न पाहता नाव कसं सांगितलं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं असं: सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या माळावर अंधारात ऐकलेल्या पक्ष्याला मी न पाहताच रातवा (रात्री वावरणारा, जमिनीवर बसणारा पक्षी) ठरवून टाकलं, ‘चक-चक’ असं अक्षरांत लिहिण्याला काही अर्थ नाही, आणि पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं ॲप खिशात असताना, वर मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी समोर आणता येत असताना, कानांची ही कसरत कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मी तसूभरही मागे सरकणार नाही. रातव्यांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कान भरवशाचे. सगळे राखी-तपकिरी, ठिपक्या-रेघांचे. टॉर्चच्या उजेडात क्षणभर दिसला तर रातवा आहे एवढंच कळतं, कुठला ते नाही. आवाजात मात्र फरक ठळक असतो. आपल्याकडचा नेहमीचा भारतीय रातवा चार-पाचदा ‘चक’ म्हणतो, प्रत्येक वेळी मधलं अंतर कमी होत जातं आणि शेवटचे आवाज एकमेकांत मिसळून जातात. शहाबादी फरशीवर गोटी टाकून बघा, हुबेहूब तीच लय. सव्हाना रातवा हा त्याचा भाऊबंद, पण तो उडता उडता एकेक तीक्ष्ण ‘च्वीक’ सोडतो. एकदा ऐकलं की दोघांची गल्लत होत नाही.

अक्षरं तोकडी पडतात, हे खरं. पण निरर्थक? पावशाचंच घ्या. मे-जूनमध्ये सोलापूरच्या आसपासच्या शेतांत कोकीळ आणि पावशा दोघेही ओरडत असतात आणि दोघांचाही सूर चढत जातो. नवखा माणूस इथेच फसतो, कारण चढता सूर ही खूण तो पक्की धरून बसतो. तिथे अक्षरंच मोजावी लागतात: कोकिळाचं ‘कुहू’ दोन, पावशाचं ‘पेर्ते व्हा’ तीन. पंचांग न बघणाऱ्या शेतकऱ्यालाही हा हिशेब पाठ असतो.

आता मर्लिन. मीही वापरतो. कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेनं 2021 साली त्यात आवाज ओळखण्याची सोय आणली. ते आवाजाचं चित्र बनवतं आणि रेकॉर्डिंगांवरून शिकलेल्या नमुन्यांशी जुळवतं. पण त्या ठिकाणी, त्या तारखेला कोणते पक्षी असू शकतात हेही ते विचारात घेतं. म्हणजे जागा आणि ऋतू बघून अंदाज बांधणं ज्याला तुम्ही ‘अवैज्ञानिक’ म्हणालात, ते यंत्रालाही चुकलेलं नाही! शिवाय कोतवाल पक्ष्याचं काय करायचं? हा पठ्ठ्या शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी टाकलेला किडा हा पळवतो. स्क्रीनवर शिक्रा उमटला तरी मान वर करून तारेवर कोण बसलंय ते बघणं आलंच.

आवाज वाजवण्याच्या सूचनेवर मात्र मी थोडं कडक बोलणार आहे. रातवा घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्या-गोट्यांतच साधारण दोन अंडी घालतो. विणीच्या दिवसांत तुम्ही त्याच्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज वाजवलात तर तो भांडायला येणार. फोटो मिळेल, पण मुळात नसलेल्या शत्रूमागे त्याची शक्ती वाया जाणार आणि अंड्यांवरचा पक्षी बिथरला तर अंडी उघडी पडणार. नान्नजला, माळढोकच्या अभयारण्यात, तर हा विचारही नको. तिथल्या माळावर जमिनीवर अंडी घालणारे टिटवी, तित्तर, धाविक असे कितीतरी आहेत, आणि रात्री तुमचा पाय कुठे पडतोय हे तुम्हालाच दिसत नसतं.

रेकॉर्डिंग करायचंच असेल तर गाडी बंद करा, रस्त्यावरच थांबा आणि मोबाइल टपावर ठेवा. हातात धरला की बोटांची खसखस आवाजावर चढते. आणि निदान दोन मिनिटं सलग घ्या. एकाच ‘चक’वरून मीही नाव सांगणार नाही.