‘संतकृपा झाली’ चौधरींचा नव्हे, शिऊरच्या बहिणाबाईंचा

‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ हा अभंग जळगावच्या बहिणाबाई चौधरींचा आणि त्या तुकोबांच्या शिष्या, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत फोटोही चौधरींचाच. (सतराव्या शतकातल्या बाईंचा फोटो मिळणार तरी कुठून म्हणा!)

हा अभंग संत बहिणाबाईंचा आहे. जन्म १६२८चा, आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीचा. १७०० साली वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांनी देह ठेवला, समाधी तिथेच. चौधरींचा जन्म १८८०चा, असोद्याचा. मधली अडीचशे वर्षं कुणी मोजलीच नाहीत.

या घोळात शिऊरच्या बाईंचं मोठं काम झाकलं जातं. त्यांनी स्वतःचं आयुष्यच अभंगांत मांडलं: कोवळ्या वयात बिजवराशी लग्न, कोल्हापुरात तुकोबांच्या अभंगांचा लागलेला ध्यास, स्वप्नात मिळालेला उपदेश, मग देहू. ब्राह्मण घरातल्या बाईने तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने मारलं, तेही लिहिलं. जन्माने ब्राह्मण ठरतो का, असं विचारणारी संस्कृत ‘वज्रसूची’ त्यांनी मराठीत आणली.

‘अरे संसार संसार’ मात्र चौधरींचंच. तिथे वाद नाही.