हातांच्या दानाबाबत खुलासा
‘अवयवदानाचा अर्ज भरला की घरच्यांना न विचारता हातही काढून घेतात आणि देह तसाच परत देतात’ असा मजकूर सध्या फिरत आहे; तो खोटा आहे. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्यासाठी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागतेच, आणि मूत्रपिंड, यकृत द्यायला तयार झालेले कुटुंबही हातांना नकार देऊ शकते. ज्या हातांनी भरवले, ते डोळ्यांसमोर असतात, म्हणून हा संकोच मला मनापासून समजतो. मात्र हात काढल्यावर त्या जागी कृत्रिम हात बसवले जातात आणि अंत्यदर्शनाला देह अपुरा दिसत नाही. घाटकोपर स्थानकात २०१४ साली दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला २०२० मध्ये मुंबईत हात मिळाले, ते चेन्नईतल्या एका शोकाकुल कुटुंबाने होकार दिला म्हणूनच.