पावसावर ढकलायचं तर नीट ढकला

कोल्हापुरात टेकडीवर प्लॉट घेतलाय? अभिनंदन. आता बंगल्यामागं भराव घालून अंगण वाढवायचं, भरावाच्या पोटात थराथरानं जिओग्रिडच्या, म्हणजे माती बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या, जाळ्या अंथरायच्या आणि येत्या जुलैत सगळं खालच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात पोचवायचं. पथ्य एकच: पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवायची नाही.

ही विद्या तुम्हाला नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्यात दगडांवर गोणपाट टाकून चिखल थापायचात, ते हेच. 1960च्या दशकात आंरी व्हिदाल या फ्रेंच इंजिनिअरनं मातीत पट्ट्या घालायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आपण मावळे मांडत बसलो. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण जाळी घेते, पण मातीला धरून राहते ती घर्षणाच्या जोरावर. आता आठवा, किल्ल्यावरच्या अळिवाला तांब्याभर पाणी जास्त झालं की बुरूज कसा मटकन बसायचा. दमट मातीचे कण एकमेकांना ओढून धरतात. पाणी भरलं की ती ओढ संपते. पुढं कणांमधल्या पाण्याचाच दाब वाढतो, आणि कण एकमेकांवर, जाळीवर रेलायचे कमी होतात. जाळी बहुधा तुटत नाही, नुसती निसटते. हे फार सोयीचं असतं. पडल्यावर उकरून दाखवता येतं, ‘बघा, माल एक नंबर होता.’

मातीचं म्हणाल तर पुस्तकी मंडळी उभ्या भिंतीमागच्या भरावात 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी बारीक माती 15 टक्क्यांच्या आत मागतात. उताराला त्यात सवलत असते. सवलत म्हटल्यावर मुरमाचे पैसे कोण घालवतो? शेतातली काळी माती भरा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिला पाऊस थेट आत जातो, आणि एकदा प्यालेलं पाणी ती सहजासहजी सोडत नाही.

तपासणी मे महिन्यात उरकून घ्या. वळीव अर्धा तास धो धो कोसळतो, बरंचसं पाणी वरच्यावर वाहून जातं, उतार ठणठणीत. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाका. गगनबावड्याकडून येणारी जुलैची झड मात्र मनावर घेऊ नका. ती आवाज करत नाही. आठ-आठ दिवस रिपरिपते आणि आत मुरत राहते. मग नवव्या दिवशी साधी सर आली तरी काम होतं. त्या सरीच्या नावानं बोटं मोडता येतात, आधीच्या आठ दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही.

भराव नदीकाठी असेल तर आणखी एक युक्ती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा अख्खं गाव पाणी चढताना बघतं; 2019 आणि 2021 साली आपण दुसरं काय केलं? तुम्ही पाणी भराभर उतरायला लागलं की भरावाच्या कडेला निवांत गाडी लावा. बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं, आतलं अजून मुक्कामाला असतं.

वरच्या कडेला समांतर केसाएवढी भेग दिसली, तर तीत सिमेंटचं पाणी ओता आणि वर तुळशीवृंदावन बांधा. वजनही पडतं, पुण्यही.

आमच्या दाजींनी हे सगळं मन लावून केलं. (बहीण नको म्हणत होती, पण आमच्यात बायकांना मातीतलं काय कळतं?) गेल्या पावसाळ्यात अंगण खाली गेलं. ठेकेदार छत्री मिटत म्हणाला, “दाजी, औंदा पाऊसच लई झाला. आमी तरी काय करनार?” दाजींनी मान डोलावली, त्याला चहा पाजला.

मी पायथ्याशी पडलेल्या दगडी भिंतीचे तुकडे बघत होतो. पाणी निघावं म्हणून तिच्यात ठराविक अंतरावर पीव्हीसीचे पाईप बसवले होते, लेव्हलमध्ये, दिसायला झकास. एक ओढला तर अलगद हातात आला. वीतभरच होता. मागं ना खडी, ना फिल्टरचं कापड, नुसती काळी माती दाबून बसलेली. दुसऱ्याच्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एवढ्या पावसात ते जरासुद्धा भिजलं नव्हतं.