वछेऱ्याच्या नाकावर फटका : उपाय कमी, अपाय जास्त

चावऱ्या वछेऱ्याबद्दल, म्हणजे घोड्याच्या तरुण पिल्लाबद्दल, सध्या एक सल्ला फार फिरतोय: ‘वछेरा चावला की त्याच क्षणी नाकावर सणसणीत ठेवून द्या, दोन-तीनदा मार बसला की सवय सुटते. हातून काही भरवू नका. तरीही चावला तर खच्ची करा.’

आधी मार. चावा निमिषात होतो. तुमचा हात उठेपर्यंत वछेऱ्याने तोंड मागे घेतलेलं असतं, म्हणजे फटका बसतो तो तोंड मागे घेतल्याबद्दल. यातून तो एवढंच शिकतो की चावून झटक्यात मान काढून घ्यायची, किंवा माणसाचा हात चेहऱ्याजवळ आला की डोकं वर फेकायचं. ही दुसरी खोड लागली की म्होरकी चढवणं, दात तपासणं, औषध पाजणं, सगळंच जिकिरीचं होतं. शिवाय नर वछेरे आपसांत खेळतात तेच मुळी तोंडाला, मानेला, पायांना चावे घेत. तुमचा फटका त्यांना खेळातलाच वाटला तर नवल नाही.

अडवायचं ते चाव्याच्या आधी. चिडलेल्याचे कान मागे जातात, ओठ आवळतात, नाकपुडीच्या वर सुरकुती पडते. खेळकर चावऱ्याचे कान बहुधा पुढेच असतात, नुसता वरचा ओठ वळवळतो. लोक फसतात ते इथेच. उभं राहायचं ते खांद्याशी, तोंडासमोर नाही. तोंड तुमच्याकडे वळू लागताच बागडोर धरून शांतपणे एक-दोन पावलं मागे न्या, पाऊल मागे पडलं की ताण लगेच सोडा. मान सरळ ठेवून दोन-तीन सेकंद उभा राहिला की आयाळ संपते तिथे खाजवा. नाक कुरवाळणं मात्र सगळ्यांनीच बंद करायचं. एकाने चालू ठेवलं तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

हातून भरवण्यात वावगं नाही. खिसे हुंगल्यावर भरवणं वाईट. तोंड दुसरीकडे असतानाच द्या. एवढी शिस्त जमत नसेल तर सरळ घमेल्यात टाका.

खच्ची केल्याने नराचा जोर उतरतो, तोही काही आठवड्यांनी. मुरलेली सवय तशीच राहते. माद्याही चावतातच की!

चावण्यामागे दुखणंही असू शकतं, याचा तर या सल्ल्यात उल्लेखही नाही. साधारण अडीच वर्षांपासून पुढचे दुधाचे दात पडू लागतात, तेव्हा हिरड्या हुळहुळतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, त्यामुळे चंदी (दाण्याचा खुराक) भरपूर आणि वैरणीत तासन्‌तास खंड, अशाने अल्सर होऊ शकतो. एकट्या कोंडलेल्या वछेऱ्याला आवर घालणारी वडीलधारी घोडीही नसते. शक्य असेल तर त्याला अशा घोडीसोबत मोकळं सोडा. आणि चावणं फक्त तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना किंवा खरारा करतानाच होत असेल, तर शिकवणी थांबवून खोगीर नीट बसतंय का ते बघा, पाठ आणि बरगड्या चाचपा आणि पशुवैद्याला दाखवा.