विद्यार्थी पाठविणेबाबत

कॉलेजचं पत्र येतं ते विद्यार्थी येण्याच्या आदल्या दिवशी. विषय: ‘विद्यार्थी पाठविणेबाबत’. म्हणजे गॅसचा सिलिंडर पाठवावा तसे ४० विद्यार्थी उद्या अकरा वाजता आमच्या दारात उतरणार, ‘तरी सहकार्य व्हावे ही विनंती’. आमच्या सामाजिक संस्थेत माणसं अडीच (अर्धा म्हणजे हिशोबनीस, तो मंगळवार-शुक्रवारीच असतो), खुर्च्या सात, संडास एक.

चाळीस जण म्हणजे फुकटचे ऐंशी हात, असं ज्याला वाटतं त्यानं ऐंशी हातांना काम पुरवून पाहिलेलं नसतं. काम आधी चिरून-निवडून ठेवलेलं नसेल तर संस्थाचालकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं: “ते कपाट लावून घ्या.” आमचं कपाट पहिल्या तुकडीनं तारखेप्रमाणे लावलं, दुसरीनं उंचीप्रमाणे, तिसरीनं फायलींच्या रंगाप्रमाणे. २०१९ची पावतीपुस्तकं नेमकी कोणत्या रंगात गेली, हे हिशोबनीस अजून शोधतो आहे.

म्हणून पत्राला पहिलं उत्तर आकड्याचं द्यायचं. एका कार्यकर्त्यामागे आठ, फार तर दहा विद्यार्थी. आमच्याकडे दोघं, म्हणून वीस पाठवा, उरलेले दिवाळीनंतर. कॉलेजं याला सहसा नाही म्हणत नाहीत, कारण पलीकडचे प्राध्यापकही आपल्यासारखेच कात्रीत असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणातल्या क्षेत्रकार्याला, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करायच्या कामाला, एका क्रेडिटमागे (श्रेयांकामागे) ३० तास. एवढे तास पोरांनी घालवायचे कुठे, हा त्यांचाही घोर असतोच.

दोन क्रेडिटांचे ६० तास म्हणजे आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे. हे झालं कागदावर. कॅलेंडरवर मध्ये गणपती येतात, अंतर्गत परीक्षा येते, युवा महोत्सवाच्या तालमी येतात. आम्ही काम दहाच आठवड्यांचं आखतो आणि उरलेले २० तास तीन रविवारांत बसवतो. एसटीत घालवलेला वेळ तासांत धरायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगावं. नाहीतर लांबून येणाऱ्याचे तास खिडकीपाशी बसूनच भरतात.

बाकीचं एका पानावर लिहून कॉलेज आणि संस्था दोघांनी सह्या करायच्या: काम कोणतं, कुणाच्या हाताखाली, प्रवासखर्च आणि विमा कुणाकडे, काही झालं तर फोन कुणाला, गैरहजेरी कुणी कळवायची. दुसरं पान झालं की कुणी वाचत नाही.

आता सर्वेक्षण. कॉलेजांचं हे लाडकं काम, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. पहिला घोळ प्रश्नावलीचा. साठ प्रश्न असतात, बाराव्यापाशी आजी दूध उतू जातंय म्हणून आत जाते ती परत येत नाही. पंधरा प्रश्न पुरे. छापण्याआधी पाच घरांत वाचून बघावेत, म्हणजे ‘आपल्या कुटुंबाचे उपजीविकेचे प्रमुख साधन’ याऐवजी ‘घर कशावर चालतं?’ असं विचारायचं असतं, हे आपोआप कळतं. दुसरा घोळ वेळेचा. सकाळी अकराला वस्तीत असतात फक्त कुलपं, कोंबड्या आणि दारूचा अंमल उतरायची वाट बघणारे. माणसं भेटतात संध्याकाळी सहा ते आठ. तेवढ्यासाठी कॉलेजची परवानगी आधीच घ्यायची आणि जोड्याच पाठवायच्या, एकट्याला नाही. तिसरा घोळ गल्लीचा. चहाच्या टपरीजवळची गल्ली पाच जोड्या भरतात, टेकावरच्या चाळीकडे कुणी फिरकत नाही. हातानं काढलेला नकाशा, प्रत्येक जोडीला पंधरा घरं, आणि झालेल्या घराच्या चौकटीवर खडूची खूण.

उत्पन्नाचा प्रश्न थेट विचारूच नये. वहीपेन दिसलं की समोरच्या माणसाला आधी स्वतःचं रेशन कार्ड आठवतं. पिवळं असेल तर घरातला कमावता मुलगा क्षणात बेरोजगार होतो, केशरी असेल तर पिवळ्याची आशा पल्लवित होऊन सगळं घरच बेरोजगार होतं. त्याऐवजी कमावणारी माणसं किती आणि महिन्यात काम किती दिवस मिळतं, एवढंच विचारावं. भरलेले फॉर्म त्याच संध्याकाळी तपासायचे. आठवड्यानं ‘हे सात आहे की एक?’ विचारलं तर लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

शिबिरातल्या वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे माती भरलेल्या गोण्या रचून ओढा अडवण्याचं, थोडक्यात. तो बांधायचा पाऊस सरल्यावर, ओढ्याला धार असताना. जानेवारीत कोरड्या ओढ्यात गोण्या रचल्या तर अडतं फक्त गुरांचं येणं-जाणं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या महिनाभर आधीपासून गवंड्यांकडून गोळा कराव्यात, कारण लहानशा ओढ्यालाही शे-दोनशे लागतात. तोंडापर्यंत भरू नयेत, शिवायला जागा उरत नाही.

वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासिकेत वेगळंच दुखणं. दर पंधरवड्याला शिकवायला येणारी विद्यार्थिनी, म्हणजे ताई, बदलते आणि प्रत्येक नवी ताई ओळख करून घेऊन भागाकारापासून सुरुवात करते. मुलांना आता स्वतःची नावं आणि भागाकाराचं पहिलं उदाहरण झोपेतही येतं. उपाय पंधरा रुपयांचा आहे: मुलागणिक एक वही. निघताना ताईनं तारीख, कुठपर्यंत झालं आणि कुठं अडलं, या तीन ओळी लिहायच्या. वही संस्थेत राहते, ताईच्या पर्समध्ये नाही. आणि मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत, स्टेटसलाही नाहीत. सहा बाय तीनचा बॅनर आला की कामाची चाळीस मिनिटं त्याच्या सुतळ्या बांधण्यातच जातात, म्हणून बॅनर शेवटच्या दिवशी, सुट्टीच्या वेळी.

प्रमाणपत्राची नावं पहिल्याच दिवशी, गुणपत्रिकेवर असतील तशी, ज्याची त्याच्याच हातानं लिहून घ्यावीत. नाहीतर शिक्का मारून झाल्यावर निम्म्या मुलांच्या वडिलांची नावं चुकलेली निघतात. हजेरीही रोजच्या रोज सहीनिशी. शेवटच्या दिवशी एकाच पेनानं, एकाच तिरक्या वळणाची साठ तासांची हजेरी आम्ही ओळखतो. आम्हीही कधीतरी विद्यार्थी होतो.

तरी शेवटी एक जण दारात येऊन उभा राहतोच. “सर, माझे चारच तास कमी पडतात, ॲडजस्ट होतील का?”

होत नाहीत. रविवारी सकाळी नऊला ये म्हणावं. त्याच्यासाठी कपाट आहे.