१८६९ च्या रटगर्स संघाबद्दल खुलासा

‘रटगर्स विद्यापीठाने १८६९ चा पहिला अमेरिकन फुटबॉल हंगाम अपराजित राहून जिंकला’ हा मेसेज हेल्मेटवाल्या खेळाडूंच्या फोटोसह फिरतोय. यातलं अर्धंच खरं आहे. ६ नोव्हेंबरला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं खरं, पण आठवड्याभरात प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. हंगाम तेवढाच! हेल्मेटचं तर नावच नको. रटगर्सच्या काही पोरांनी डोक्याला चक्क लाल फेटे गुंडाळले होते. एकेका बाजूला २५ जण, चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्सच्या ‘टार्गम’ या विद्यार्थी-पत्रात पहिल्या सामन्याचा वृत्तांत तेव्हाच छापून आला होता. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ८-० चंही सांगा.